लाइट गेली की माझे कान सुरू होतात

सरकीवाला (मानवत) · २७ नोव्हेंबर, रात्री २.४०

झोप येईना म्हणून लिहायला बसलो. वय ७१. जिनिंगमध्ये फिटर होतो, २९ हंगाम काढले. दसऱ्याला जिनं सुरू झाली की होळीपर्यंत त्याच आवाजात. शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं.

कानात आवाज आहे बारा-तेरा वर्षांपासून. आधी फार तर रातकिडा. निजताना ऐकू यायचा, सकाळी विसरून जायचो. घरात कधी सांगितलंही नाही. गेल्या वर्षापासून वाढला आणि ह्या दिवाळीपासून तर हद्द झाली. आता रातकिडा नाही, पत्र्यावर कानस घासावी तसं. बारीक, एकसुरी, दम न घेणारं. डावीकडं का उजवीकडं म्हणाल तर सांगता येत नाही, टाळूच्या आत असल्यासारखं वाटतं.

दिवसा मोंढ्यात, हॉटेलात बसलं की चालून जातं. घरी येऊन दार लावलं की सुरू. परवा रात्री लाइट गेली. गल्ली गपगार झाली आणि माझ्या डोक्यात जिन चालू झालं. बायको म्हणते, किती शांत वाटायलंय बघा. आता मी काय बोलणार?

दोन डॉक्टर झाले. पहिल्यानं मळ काढला, कान साफ झाला, आवाज तसाच. दुसऱ्यानं महिनाभर गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हणाला, "आजोबा, वय झालं, सहन करायचं." सहन कसं करायचं ते सांगितलं असतं तर फी वसूल झाली असती.

हा वाढतच जातो का? बहिरा होणार का मी? आणि रात्रीचं काय करायचं? कानात कापूस घालून बघितला, उलट जास्तच येतो.

टाळकरी (अंबाजोगाई) · २७ नोव्हेंबर, सकाळी ५.१५

दादा, आमच्या मंडळातले एक महाराज म्हणतात हा अनाहत नाद आहे. साधना न करता तुम्हाला लाभला. भाग्यवान आहात.

सरकीवाला · सकाळी ६.०२

भाग्यवान असतो तर झोप लागली असती माउली.

भौ_बीडचा · सकाळी ८.३०

काका टेन्शन घेऊ नका. मह्या मायला बी असंच व्हतं. लसणाच्या दोन पाकळ्या तेलात कडवायच्या, कोमट झालं की चार थेंब कानात. गुण येतो.

गोदाकाठची (गंगाखेड) · सकाळी ११.२०

सरकीवाले दादा, मी निवृत्त शिक्षिका, वय ६६, माझ्या कानात नऊ वर्षं कुकर शिजतोय. शिट्टी होत नाही, नुसती वाफ. म्हणून अधिकारानं एक प्रश्न विचारते. हसू नका. तुमच्या खोलीतला पंखा तुम्ही कधी बंद केला?

सरकीवाला · दुपारी १.४५

बाई, हसलो नाही, पण कोड्यात पडलो. उन्हाळ्यात कूलर असतो, पाऊस पडला की कूलर बंद आणि पंखा. थंडी पडायला लागली तसा पंखा बंद केला. म्हणजे दिवाळीच्याच आसपास.

थांबा. दिवाळीपासूनच वाढलं म्हणालो होतो ना मी?

गोदाकाठची · दुपारी २.१०

तेच. माझंही पहिली तीन वर्षं असंच चाललं होतं. दर हिवाळ्यात वाढायचं, मी म्हणायची थंडी बाधते. कानटोपी घाल, स्कार्फ बांध. जेवढे कान झाकायची तेवढा कुकर मोठा. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये कूलर बिघडला आणि भर उन्हाळ्यात आवाज वाढला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडं आठ महिने घरात काहीतरी घरघरत असतं. त्याच्या आड हा लपतो. घरघर थांबली की उघडा पडतो.

गेल्या वर्षापासून वाढलंय म्हणता ते वेगळं, त्याची तपासणी हवीच. पण दिवाळीनंतरची जी उडी आहे ना, तिच्यात पंख्याचा हात आहे असं माझं मत. आज रात्री रजई घ्या आणि पंखा भिंतीकडं तोंड करून लावून बघा.

कानयंत्रवाली (नांदेड) · रात्री ९.५०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, श्रवणतपासणी करते. बाईंनी अर्धं काम करून ठेवलंय. उरलेलं जरा लांबण लावून सांगते.

आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो, त्यात केसासारख्या पेशी. एका कानात साधारण १५ हजार. मोठ्या आवाजानं, वयानं, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक, उंच सुराच्या. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं की धोका सुरू होतो, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ती रेषा ओलांडली असं धरा. काका तर कानाला तोंड लावत होते.

आता मेंदू. त्याला त्या उंच सुरांची बातमी यायची बंद होते. मग तो काय करतो? आवाजाची खुंटी पिळतो. पूर्वी रात्री परभणी आकाशवाणी नीट लागेना की आपण रेडिओ मोठा करायचो, आणि गाण्याऐवजी खरखर मोठी व्हायची, आठवतं? तसंच. कानस तुमच्या कानात नाही, मेंदूनं मोठ्या केलेल्या रेडिओत आहे. म्हणून मळ काढून ती गेली नाही. आणि कापूस घातला की बाहेरची बातमी आणखी कमी, म्हणून वाढली.

ही खरखर थोडीफार प्रत्येकात असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणारी ८० धडधाकट माणसं आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी.

वाढतच जातो का, असं विचारलंत. ऐकू येणं वयाप्रमाणे कमी होत जातं, हे खरं. पण त्रास त्याच हिशेबानं वाढतो असं नाही. आवाज तेवढाच असून दोन वर्षांनी त्याच्याकडं लक्षही न जाणारी माणसं मी रोज बघते. आणि हा आवाज बहिरं करत नाही. ऐकू कमी येणं आधी, आवाज त्याच्या मागून.

आता ज्याला घाबरायचं ते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येत असेल, सोबत गरगरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जाऊन पुढची तपासणी करायचीच. आणि एका रात्रीत एका कानाचं ऐकू येणं गेलं तर ते हृदयविकाराइतकं तातडीचं समजा. "मळ असेल, सोमवारी बघू" म्हणू नका. पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होतो.

काका, दोन प्रश्न. श्रवणतपासणीचा आलेख कुणी काढलाय का? आणि रोजच्या गोळ्या कोणत्या?

सरकीवाला · २८ नोव्हेंबर, सकाळी ७.००

आलेख कुणी काढला नाही. गोळ्या: बीपीची एक, रक्त पातळ करायची एक, आणि गुडघ्यासाठी दुखण्याची, ती मेडिकलवाल्याकडून आणतो, दिवसाला दोन, कधी तीन. वर्षभर झालं.

रात्री पंखा भिंतीकडं केला. चार तास झोपलो. बायको दोन रजया घेऊन झोपली आणि सकाळी माझ्याशी बोलली नाही.

कापसाचं वाचून हसू आलं. जिनिंगमध्ये आम्ही सगळे ताज्या रुईचे बोळे कानात कोंबून काम करायचो. रुईच्या ढिगात उभे, वाटायचं फुकटात संरक्षण झालं.

कानयंत्रवाली · सकाळी ९.१५

काका, त्या रुईनं जवळजवळ काहीच अडवलं नसणार. फोमचे बोळे चोळून बारीक करून आत सरकवले आणि फुगू दिले तर खरा आडोसा होतो. नातवंडं यंत्रावर काम करत असतील तर त्यांना तेवढं सांगा.

दुखण्याच्या गोळ्या वर्षभर रोज दोन-तीन म्हणजे फार झालं. ह्या जातीच्या गोळ्यांनी काहींचा कानातला आवाज वाढतो, मूत्रपिंड आणि बीपीचं वेगळंच. डॉक्टरांना दाखवून पर्याय मागा. पण रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. तिचा डोस लहान असतो, कानाला सहसा बाधत नाही, आणि बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

खात्रीशीर_इलाज · सकाळी ९.४०

कर्णनाद बहिरेपणा १०० टक्के मुळापासून २१ दिवसांत बरा, औषध घरपोच, संपर्क करा

सरकीवाला · सकाळी ९.५५

आमच्याकडं ह्याच्यासारखे पैसे दुप्पट करून देणारे यायचे. ते १५ दिवसांत देतो म्हणायचे, हा तरी २१ म्हणतोय.

निवृत्त_वैद्य (छत्रपती संभाजीनगर) · दुपारी १२.३०

अशा जाहिरातींमुळे आमच्या शास्त्राचं नाव खराब होतं, म्हणून लिहितो. सुश्रुतानं २८ कर्णरोग सांगितले त्यात कर्णनाद आहे. भेरी, मृदंग, शंख असे आवाज. बासरीसारखा बारीक आवाज वेगळा धरून त्याला कर्णक्ष्वेड म्हटलं. म्हणजे सरकीवाल्यांची कानस दुसऱ्या वर्गातली. इतकं बारीक निरीक्षण करणाऱ्या माणसानं २१ दिवसांची हमी कुठं दिलेली नाही.

तेलाबद्दल: कर्णपूरण आम्ही करतो, काहींना त्यानं बरं वाटतं, झोप लागते. पण कानाचा पडदा शाबूत आहे हे बघितल्याशिवाय एक थेंबसुद्धा नाही. आणि लसूण कडवलेलं तेल घरच्या अंदाजानं तर नकोच, कान भाजलेले रुग्ण बघितलेत.

भौ_बीडचा · दुपारी १.०५

वैद्यबुवा, पडदा कामून बघायचा? मायच्या कानातून कधीमधी पू येतो, तवाच तर आमी तेल घालतो.

निवृत्त_वैद्य · दुपारी १.०८

अहो आजच बंद करा. पू येतो म्हणजे पडद्याला भोक असण्याची दाट शक्यता. ह्या आठवड्यात आईला तज्ज्ञांना दाखवा. तोवर कान कोरडा. डोक्यावरून अंघोळ घालताना बाहेरून व्हॅसलीन लावलेला बोळा ठेवा.

भौ_बीडचा · दुपारी १.३०

बरं झालं बोललो. उद्याच नेतो.

लातूरची_लेक (सध्या पुणे) · ३० नोव्हेंबर, रात्री ११.१५

हा धागा तीनदा वाचला. बाबा ७४, लातूरला एकटे असतात, आई दोन वर्षांमागं गेली. दाळ मिलमध्ये मुनीम होते. त्यांनाही हाच आवाज. पूर्वी फोनवर तासभर बोलायचे, आता "हं, ठीक" म्हणून ठेवतात. परवा म्हणाले, "ह्या आवाजात जगून तरी काय करायचं." मी गमतीवारी नेलं आणि रात्रभर झोपले नाही.

गोदाकाठची · रात्री ११.४०

बाळ, ते वाक्य गमतीवारी नेऊ नकोस. उद्या सरळ विचार, "बाबा, जीव नकोसा वाटतो का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी हे स्वतःवरून सांगते. दुसऱ्या वर्षी मलाही गोदावरीचा घाट वेगळ्या नजरेनं दिसायला लागला होता. माझ्या धाकट्या जावेनं स्पष्ट विचारलं, मी रडले, मग डॉक्टरकडं गेलो.

टेलि-मानसचा सरकारी फोन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तू स्वतः आधी लावून बघ, मग त्यांना दे. आणि जमलं तर लातूरला ये. फोनवर बाप "ठीक"च म्हणणार.

कानयंत्रवाली · १ डिसेंबर, सकाळी ८.२०

बाईंशी सहमत. एक भर घालते. फोनवर कमी बोलण्यामागं उदासी असेल, पण ऐकू न येणंही असू शकतं. फोनवर ओठ दिसत नाहीत. चुकीचं ऐकून हसं होण्यापेक्षा "हं, ठीक" सोपं. व्हिडिओ कॉल करून बघा.

ह्या त्रासात सर्वांत जास्त पुरावा कशाचा आहे म्हणाल तर आवाजाबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याच्या समुपदेशनाचा. आवाज कमी होत नाही, त्याची दहशत कमी होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात समुपदेशन करा, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावून बघा, असं आहे. आणि गिंको, झिंक, मेलाटोनिन यांच्या गोळ्या ह्यासाठी देऊ नका, असंही आहे. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं. गोळ्या हातोहात, समुपदेशन औषधाला सापडत नाही.

लातूरची_लेक · ३ डिसेंबर

आले लातूरला. विचारलं. दोघंही रडलो. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञ आणि कान, दोन्हीकडं जाणार. आणि ताई, तुमचं खरं निघालं, समोर बसून बोललं तर गप्पा सुरूच आहेत!

टाळकरी · ३ डिसेंबर, रात्री १०.००

अनाहतवाली गोष्ट मी मागं घेतो. खरं सांगू का, मला पण आवाज येतो म्हणून तर त्या महाराजांना विचारलं होतं. रोज हरिपाठाला पितळी टाळ, दोन तास, बंद खोलीत, वीस जण. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान वाजतात. टाळ सोडायचा का?

कानयंत्रवाली · ३ डिसेंबर, रात्री १०.३०

टाळ सोडू नका, टाळापासून कान लांब ठेवा. कडेला बसा, टाळ छातीखाली धरा, खोलीची दारं-खिडक्या उघडा, फोमचे बोळे घाला. अभंग त्यातूनही ऐकू येतो. कान वाजले म्हणजे कालचा डोस जास्त झाला, एवढं समजा.

टाळकरी · रात्री १०.४१

कानात बोळे घालून हरिपाठ. मंडळी काय म्हणतील.

गोदाकाठची · रात्री १०.४५

मंडळींना सांगा, अनाहत नाद बाहेर सांडू नये म्हणून बूच लावलंय.

सरकीवाला · १८ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

खूप दिवसांनी आलो. परभणीला जाऊन आलेख काढला. खालचे सूर ठीक, ३ हजार हर्ट्झनंतर रेघ विहिरीत पडावी तशी खाली, ४ हजारावर तळ. दोन्ही कान जुळे भाऊ. एका बाजूचं काही नाही म्हणून पुढच्या तपासण्या लागल्या नाहीत. दुखण्याच्या गोळ्या बंद, गुडघ्याला शेक आणि व्यायाम.

तिथल्या तपासणीवाल्या बाईनं आलेखावर बोट ठेवून सांगितलं, स, श, फ, क ही अक्षरं इथं असतात, ही तुम्हाला येतच नाहीत. तीन वर्षं मी घरात ओरडत होतो की सून तोंडातल्या तोंडात पुटपुटते. सून पुटपुटत नव्हती. घरी येऊन तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी, चहा ठेवू का?" आणि तो मला पहिल्यांदा नीट ऐकू आला, कारण तोवर यंत्र कानात होतं.

आठवडाभर वापरून बघायला दिलं होतं, मग घेतलं. दोन्ही कानांचे मिळून ४८ हजार. कापूस विकून आला तो पैसा कानात गेला. पहिले दोन दिवस नको झालं. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे फटाके, स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून मी दोनदा मागं वळून बघितलं. पण आठव्या-नवव्या दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून कानस आठवली नाही. आठवली तशी लगेच आली, ते सोडा.

रात्री यंत्र काढावं लागतं, तेव्हा पंखा. बायकोशी तह असा झाला की छताचा बंद, लहान टेबलपंखा माझ्या बाजूला भिंतीकडं तोंड करून. लाइट जाते त्यासाठी सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर उशाशी, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर, अगदी बारीक. कानस बुडवायची नाही, खरखर तिच्यापेक्षा जराशी खालीच ठेवायची, म्हणजे मेंदूला दोन्हीची सवय होते, असं सांगितलं.

सगळं गोड नाही. ४ जानेवारीला पुतण्याचं लग्न, वरातीत डीजे. मी पन्नास पावलं मागं होतो, बोळे घालून. तरी तीन दिवस कानस दुप्पट. पहिल्या रात्री वाटलं, गेलं सगळं पाण्यात. चौथ्या दिवशी उतरलं.

गोदाकाठची · संध्याकाळी ७.०५

दादा, डीजेचं मी लग्नपत्रिकेतच बघते आता. "सुश्राव्य संगीत" लिहिलं असेल तर आहेर पाठवून देते, जात नाही.

पैशांचं विचारणारे खूप असतात म्हणून लिहिते. दारिद्र्यरेषेखालच्या ६० वर्षांवरच्यांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र फुकट मिळतं, शिबिरं लागतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वर आणि घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३ हजार रुपये खात्यात येतात. त्यात चांगलं यंत्र येणार नाही, तपासणी आणि वर्षाचे सेल निघतील.

भौ_बीडचा · रात्री ८.२०

मायच्या पडद्याला भोक निघालं. थेंब अन् गोळ्या चालू, पू थांबला, पुढं आपरेशनचं बघू म्हणले. वैद्यबुवा, तुमाला मायनं नमस्कार सांगितलाय. तेलाची बाटली तिनं कढईत रिकामी केली.

लातूरची_लेक · रात्री ९.००

बाबांनाही यंत्र घेतलं काका. पण सेल चार-पाच दिवसांतच संपतात. तुमचे किती दिवस जातात?

सरकीवाला · रात्री ९.२५

माझे भुऱ्या चिकटपट्टीचे, ३१२ नंबर. आठवडा जातो. पट्टी काढली की लगेच घालू नका, मिनिटभर तसाच तळहातावर ठेवा, त्याला हवा लागते, मग घाला. आणि रात्री यंत्राचं दार उघडं ठेवून झोपायचं, नाहीतर आपण झोपतो आणि ते चालू राहतं. बाबा दार लावून ठेवत असतील बघा.

लातूरची_लेक · रात्री ९.३१

विचारते. थांबा, व्हिडिओ लावते त्यांना.